मॅडमची पहिली कॉपी

मी आयुष्यभर कॉपी पकडली. भूगोल शिकवला तो पगारासाठी, पण जीव रमायचा तो परीक्षेच्या हॉलमध्ये. मी दारात उभी राहिले की पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत पोरांची पाचावर धारण बसायची. चिठ्ठी मोज्यात असो, वेणीच्या रिबिनीत असो की खोडरबर पोखरून आत घातलेली असो, मला ती तोंडावरूनच दिसायची. कारण कॉपी करणारा आधी चिठ्ठीकडे बघत नाही, तो आधी माझ्याकडे बघतो. तेव्हा टेलरबाईला पास करायची वेळ आली आणि कॉपीचं खातं माझ्याकडे आलं, यात नवल काही नाही. पकडतात कशी हे मला ठाऊक, म्हणजे पकडली जाणार नाही अशी कशी करायची हेही मलाच ठाऊक.

आमची संस्था एक आणि घरं दोन. अंगणाच्या या बाजूला आम्ही म्हातारी माणसं, त्या बाजूला ज्यांना सांभाळायला घरचं कोणी नाही अशी मुलं. मध्ये नळ, वाळत घातलेले कपडे आणि एक झाड, ज्याच्यावर चढायला मनाई आहे आणि ज्याच्यावर कायम कोणीतरी चढलेलं असतं. दर शनिवारी आमची व्यवस्थापिका, जिला कमरेच्या जुडग्यामुळे सगळे किल्लीबाई म्हणतात, आजी-नातवंडांचा कार्यक्रम घेते. प्रत्येक मुलाला एकेक म्हातारं माणूस वाटून दिलेलं आहे. मूल गाणं म्हणतं, म्हातारं माणूस टाळ्या वाजवतं, फोटो निघतो आणि दोघांना एकेक बिस्किट मिळतं. बाकीचे दिवस मुलांनी त्यांच्या अर्ध्या अंगणात आणि आम्ही आमच्या अर्ध्यात राहायचं असा नियम आहे. तो आजवर कोणी पाळलेला नाही.

टेलरबाई माझी खोलीतली सोबतीण. उभा जन्म शिलाई मशीनवर गेला तिचा, आणि मशीन घेऊनच ती इथे आली. इथे सगळ्यांचे कपडे एकत्र धुतात, म्हणून प्रत्येक कपड्याच्या आत पांढरी पट्टी शिवून तिच्यावर लाल दोऱ्याने खोलीचा नंबर घालतात. ते काम तिचं. मुलांच्या गणवेशाला इथे खिसे नसतात. खिसा असला की जेवणघरातला पाव त्यात जातो, असं किल्लीबाईचं म्हणणं. टेलरबाई पट्टी शिवता शिवता आतल्या बाजूला गुपचूप एक चोरखिसाही शिवून देते. "खिसाच नसला तर पोरानं हात ठेवायचा कुठे?" असं तिचं म्हणणं. त्यामुळे आमच्याकडची मुलं प्रार्थनेला शिस्तीत उभी असतात तेव्हा आतून गोट्या वाजतात.

गेल्या काही दिवसांत मात्र तिच्या पट्ट्यांचं गणित बिघडलं. पोस्टमनआजोबा, म्हणजे शेजारच्या खोलीतले निवृत्त पोस्टमन, एके सकाळी माझा परकर हातात घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, "पत्ता चुकलाय." सगळा व्हरांडा हसला. किल्लीबाई तेवढी हसली नाही. तिने टेलरबाईकडे असं बघितलं की मी हसायची थांबले.

कारण आमच्याकडे वरचा मजला आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी डॉक्टर येते आणि डोक्याची तपासणी करते. वार विचारते, महिना विचारते, तीन शब्द सांगून थोड्या वेळाने ते परत विचारते. जमलं नाही तर वरचा मजला. तिथे दाराला कुलूप असतं, सुई-कात्री चालत नाही आणि मुलांना जायची बंदी. खाणंपिणं उत्तम आहे म्हणतात. खरंखोटं सांगायला वरून कोणी खाली आलेलं नाही.

हे सगळं माझ्या आधी टिचकीच्या लक्षात आलं. टिचकी म्हणजे टेलरबाईला वाटून दिलेली मुलगी. अंगाने एवढीशी, पण लागली की लागते. तिची पहिली आजी टेलिफोन ऑफिसातली होती. ती वर गेली आणि पुढच्याच शनिवारी किल्लीबाईने टिचकीच्या हातात टेलरबाईचा हात दिला, एक पेन्सिल संपली की दुसरी द्यावी तसा.

"मॅडमआजी," ती मला नळापाशी गाठून म्हणाली, "टेलरआजी नापास होणार."

"तुला काय माहीत?"

"काल मला दोनदा विचारलं, तुझं नाव काय म्हणून. दोन्ही वेळा मी वेगवेगळं सांगितलं. तिला दोन्ही पटली."

"मग?"

"मग ती वर जाणार आणि मला तिसरी आजी देणार. तिसरी दिली तर मी तिला चावेन."

हे ती अगदी शांतपणे म्हणाली. हातातला पाव चोरखिशात घातला आणि माझ्याकडे बघत राहिली. मला त्या क्षणी त्या पोरीचा भयंकर राग आला आणि तितकीच माया आली. दोन्ही एकदम आलं की माझा आवाज चढतो. मी ओरडले, "दुपारी झाडाखाली या सगळे! जो उशिरा येईल त्याला बाहेर उभं करीन!"

"झाड बाहेरच आहे," ती म्हणाली.

दुपारी सगळे आले. टिचकी, तिचा दोस्त भोंगा, ज्याचा आवाज दोन गल्ल्यांपलीकडे जातो, पोस्टमनआजोबा आणि खुद्द टेलरबाई. मी कॉपीचे प्रकार समजावून सांगितले. चिठ्ठी, खूण, खाकरणं, बोटं मोडणं. खोडरबर पोखरणाऱ्या मुलाची गोष्टही सांगितली.

"मॅडमआजी, ही गोष्ट आत्ताच सांगितलीत," भोंगा म्हणाला.

"तिला उजळणी म्हणतात," मी म्हणाले. हल्लीच्या मुलांना उजळणीचं महत्त्व कोणी शिकवतच नाही.

बेत सोपा होता. डॉक्टर दर वेळी तेच विचारते. शब्दही तेच: चावी, खुर्ची, फूल. तेव्हा सगळी उत्तरं टेलरबाईने आपल्या स्वेटरच्या बाहीत आतून पट्टीवर शिवून घ्यायची. धुलाईची पट्टी सगळ्यांच्याच बाहीत असते, संशय कोणाला येणार? कागद सापडतो, शाई घामाने पसरते, दोरा मात्र जागचा हलत नाही. माझ्या सगळ्या कारकिर्दीत शिवलेली कॉपी मी पाहिली नव्हती, आणि खरं सांगते, मला अभिमान वाटला. मी सांगत गेले, टेलरबाई शिवत गेली. "वार: सोमवार. पुढे?"

"मॅडम, तुझ्याही स्वेटरची पट्टी सुटलीय," मध्येच ती म्हणाली. "दे काढून, लगे हात शिवते." मी दिला. त्या दिवशी मला थंडी वाजली, ते वेगळं.

सोमवार उजाडला. आम्ही दोघी न्हाऊन-धुऊन तयार. आणि डॉक्टरची गाडी वाटेत बंद पडली. किल्लीबाईने येऊन सांगितलं, उद्या येणार. मी म्हटलं, बरं झालं, अभ्यासाला एक दिवस जास्त मिळाला.

दुसऱ्या दिवशी आम्हाला बोलावणं आलं. व्हरांड्यातून निघालो तर टिचकीने माझा हात धरला आणि मला उलट्या दिशेला वळवलं. हिला उगाच म्हाताऱ्यांचे हात धरायची सवय आहे. चालता चालता ती कुजबुजली, "मॅडमआजी, घोटाळा झाला. बाहीत सोमवार शिवलाय."

"मग? बरोबरच आहे."

"आज मंगळवार आहे."

मी थांबले. "ते मला माहीत आहे," मी म्हणाले. "मी तुझी परीक्षा बघत होते."

तिने माझ्याकडे बघितलं. एरवी ती उलट उत्तर देते. या वेळी दिलं नाही. "आम्ही खिडकीखाली आहोत," एवढंच म्हणाली आणि पळाली.

तपासणी शिवणाच्या खोलीत होती. डॉक्टर वेळ वाचवायला एका खोलीतल्या दोघींना एकदमच घेते. ती खिडकीकडे पाठ करून बसते, म्हणजे उजेड आमच्या तोंडावर पडतो. वयाने पोरगीच, पण हसू कमी. समोर आम्ही दोघी, मागे काचेचं कपाट, त्यात दोऱ्याची रिळं.

"आज वार कोणता, टेलरआजी?"

टेलरबाईने बाही उलटी केली. कॉपी करावी तर इतकी उघड करू नये. मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. "सोमवार," ती ठणकावून म्हणाली.

खिडकीखाली दोरीवरच्या उड्या सुरू झाल्या. "मंगळवार! मंगळवार!" भोंगा असा ओरडला की कपाटाची काच थरथरली.

"सोमवार," टेलरबाई म्हणाली, "काल झाला. आज मंगळवार."

डॉक्टरने लिहून घेतलं. मग म्हणाली, "या वेळी मी शब्द बदललेत. मागच्या खेपेला पोस्टमनआजोबांनी मी सांगायच्या आधीच तिन्ही शब्द म्हणून दाखवले होते."

माझ्या मनात पोस्टमनआजोबांबद्दल जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"बादली, घोडा, छत्री. लक्षात ठेवा, मी थोड्या वेळाने विचारते." मग डॉक्टरने तिला घड्याळ काढायला सांगितलं. टेलरबाईने ते खडूने आखल्यासारखं गोल काढलं आणि आतला नऊ तिरका झाला म्हणून डॉक्टरची क्षमा मागितली. "आता सांगा बघू ते शब्द."

टेलरबाईने बाही बघितली. बाहीत चावी, खुर्ची आणि फूल. तिने माझ्याकडे बघितलं. मी वर बघितलं, आणि खिडकीबाहेरून टिचकी गेली, डोक्यावर बादली घालून.

"बादली," टेलरबाई म्हणाली.

मग लख्ख उन्हात एक पोरगी छत्री उघडून ऐटीत गेली. "छत्री." मग काहीच नाही. बाहेर जरा धुसफूस ऐकू आली, कोणीतरी म्हणालं, "आजोबा, वाका की!" आणि मग पोस्टमनआजोबा गेले. चार पायांवर. पाठीवर भोंगा, तो त्यांचा कान धरून "हुर्र" करतोय, आणि आजोबा तोंडाने खिंकाळतायत. गुडघ्याच्या दुखण्यापायी जो माणूस जेवणघरापर्यंत येत नाही, तो खिंकाळत होता. मी रुमालात तोंड खुपसलं.

"घोडा," टेलरबाई म्हणाली. "जरा म्हातारा आहे."

डॉक्टरने मान न वळवता लिहून घेतलं. "छान. टेलरआजी झाल्या. आता मॅडम तुम्ही."

माझं काय, माझी तपासणी म्हणजे नुसती औपचारिकता. मी ताठ बसले.

"आज वार कोणता?"

"सोमवार."

डॉक्टरचं पेन थांबलं. टेलरबाई खाकरली. बाहेर भोंगा पुन्हा ओरडला, आणि या वेळी त्याच्या आवाजात खेळ नव्हता. "मंगळवार," मी म्हणाले. "सोमवार म्हणाले का मी? जीभ घसरली." पण ती घसरली नव्हती. आतून मला सोमवारच वाटत होता. आत्ता, दोन मिनिटांपूर्वी, याच खोलीत ऐकलेला मंगळवार माझ्याकडे नव्हताच. मला भीती वाटली.

डॉक्टरने तीन शब्द सांगितले. मी मान डोलावली. घड्याळ काढलं, शंभरातून सात सात वजा करत गेले, कुठेही अडले नाही. ती म्हणाली, "आता ते शब्द."

काही नव्हतं. फळा पुसल्यावर निदान खडूची भुकटी उरते. माझ्याकडे तेवढंही उरलेलं नव्हतं. तिने शब्द सांगितले होते, एवढं आठवत होतं. खिडकीत काहीतरी हलत होतं, पण मी तिकडे बघितलं नाही. परीक्षेला बसलेल्याने इकडेतिकडे बघायचं नसतं, हे मी किती पोरांना ओरडून सांगितलंय. मी नजर टेबलावर ठेवली आणि वरच्या मजल्याचा तो जिना माझ्या डोळ्यांसमोर आला. जिन्याच्या तोंडाशी उभी असलेली टिचकी दिसली, आणि ती टेलरबाईला सोडायला आलेली नव्हती.

टेलरबाई पुन्हा खाकरली. मग तिने आपल्या बाहीवर दोन बोटं आपटली. एकदा, दोनदा. शेवटी माझ्याकडे बघून तिने माझ्याच बाहीकडे हनुवटी उडवली.

मी बाही उलटी केली. आत नवी पट्टी होती. लाल दोऱ्याने, बारीक, सुबक टाक्यांनी लिहिलं होतं: मॅडम, खिडकीकडे बघ.

मी आधी डॉक्टरकडे बघितलं. ती बघतेय का ते पाहायला. कॉपी करणारा नेमका हेच करतो.

आणि डॉक्टरच्या हातून पेन पडलं. ते शोधायला ती टेबलाखाली वाकली. पेन तिच्या पायाशीच होतं, मला इथून दिसत होतं, तरी ती शोधत राहिली. मी आयुष्यात कधी कोणासाठी पेन पाडलं नव्हतं.

मी खिडकीकडे बघितलं. दोन पोरं माळ्याची शिडी घेऊन उभी होती, हात भरून आले होते तरी खाली ठेवत नव्हती. पोस्टमनआजोबांनी पहारेकऱ्याची टोपी घातली होती आणि ते तिच्याकडे बोट दाखवत होते. मधोमध टिचकी, काखेत स्वयंपाकघरातलं मांजर. मांजराने तिच्या हातावर ओरखडे काढले होते. ती हलत नव्हती. मला दिसावं म्हणून तिने ते मांजर वर धरलं.

"शिडी," मी म्हणाले. "टोपी. मांजर."

डॉक्टर टेबलाखालून वर आली. तिने लिहिलं, कागद आवरले, आणि उठताना काचेच्या कपाटाकडे बघून केस सारखे केले. त्या काचेत खिडकी दिसत होती, सगळी, कडेपर्यंत. मग ती खिडकीपाशी गेली आणि बाहेर वाकून म्हणाली, "मांजराला सोडा आता. आणि पोस्टमनआजोबा, तुमची तपासणी अजून व्हायचीय, गुडघे झटकून आत या."

संध्याकाळी किल्लीबाईने जेवणघरात सांगितलं की या महिन्यात वर कोणीच जायचं नाही. टिचकीने दोन पाव उचलले. किल्लीबाईने ते पाहिलं की नाही, कोण जाणे.

जेवणं झाल्यावर आम्ही दोघी झाडाखालच्या बाकावर बसलो. मी स्वेटर काढून मांडीवर ठेवला होता आणि ती पट्टी बोटाने चाचपत होते. टाके इतके एकसारखे की उलट्या बाजूने गाठ दिसत नव्हती. टिचकी आम्हा दोघींच्या मध्ये शिरून बसली, हातावर मलम आणि तोंडात पाव.

"म्हणजे ते सगळं माझ्यासाठीच होतं," मी म्हणाले. "झाडाखालचे तास, दोरीच्या उड्या."

"अर्धं तुझ्यासाठी, अर्धं माझ्यासाठी," टेलरबाई म्हणाली. "पोरीला दोघी हव्यात."

"तिसरी आली असती तर चावले असते," टिचकी पाव चावत म्हणाली.

मला रडू येत होतं, म्हणून मी रागावले. "आणि मला काही सांगायची पद्धत? एका खोलीत राहतो आपण! माझं असं होतंय हे तुला कळलं कधी?"

टेलरबाईने डोळे मिटून खरोखर आठवायचा प्रयत्न केला. बराच वेळ केला. मग माझ्या मांडीवरचा हात तिने आपल्या हातात घेतला.

"कळलं तर होतं गं," ती म्हणाली. "कधी, ते मात्र आता आठवत नाही."

आम्ही तिघी इतक्या हसलो की किल्लीबाई दिवा घेऊन बाहेर आली. टिचकी बाकाखाली लपली. "मॅडम, इथे मूल आहे का एखादं?" किल्लीबाईने विचारलं.

"नाही," मी तिच्या डोळ्यात डोळे घालून म्हणाले, आणि बाकाखालून एक छोटा हात वर आला आणि माझ्या स्वेटरच्या रिकाम्या बाहीला धरून बसला.